आजोबांची कुऱ्हाड: घासण्याआधी वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कसबा पेठेतला वाडा पाडायला निघालाय आणि माळ्यावरच्या पेटीत आजोबांची हत्यारं सापडली. एक कुऱ्हाड आहे, तिच्या पात्याच्या बाजूवर बाणासारखी खूण, खाली उभी रेघ आणि ‘४३’ असा आकडा. एक वाकस, म्हणजे लाकूड तासायचं सुताराचं हत्यार, त्यावर काहीच नाही. तीन पटाश्या, त्यातल्या एकीवर इंग्रजीत ‘कास्ट स्टील’ आणि तीन पानांची खूण. आणि एक लोखंडी रंधा, त्यावर ‘स्टॅनली’ आणि ‘मेड इन इंग्लंड’. सगळं गंजलेलं. काका म्हणतात कुऱ्हाड पेशवेकालीन आहे. तुम्हाला विचारायचंय की हे किती जुनं, याचे किती पैसे येतील आणि ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून साफ करू का. शिवाय यातूनच संग्रह सुरू करायची इच्छा आहे.

ग्राइंडरच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण उद्या रविवार आहे आणि तुमच्या हातात ग्राइंडर असेल. नको. वयाचा आणि किमतीचा जो काही पुरावा आहे तो त्या गंजाखालच्या एक-दोन केसभर थरात आहे. उथळ शिक्का फिरत्या ब्रशखाली मिनिटभरात जातो आणि गेला की परत येत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या हत्यारांत ‘आधी यावर काहीतरी लिहिलेलं होतं’ म्हणून चकचकीत करून आणलेली बरीच असतात. तेव्हा साफसफाई सर्वांत शेवटी. दुसरा धोका धारेला आहे. ग्राइंडरच्या दगडावर पातळ धार क्षणात तापते. पोलाद निळं पडलं म्हणजे ते साधारण तीनशे अंशांपर्यंत गेलं आणि लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे धारेचा कडकपणा, तिथे उतरला. ती धार मग बाभळीच्या गाठीवर मुडपते.

आता वाचायचं कसं. हत्यार टेबलावर ठेवा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूने, पात्याला जवळजवळ टेकवून धरा. समोरून न दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात उठून येतात. त्याचे फोटो काढा. शिक्क्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली तर उरलेलं अक्षरही पकडता येतं. खळग्यात लाल-पिवळा चिकट थर दिसला तर तो बहुतेक खंडेनवमीचा, वर्षानुवर्षं लावलेल्या हळदकुंकवाचा. तो नखाने उकरू नका, रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू मऊ करा. अनेकदा त्याच थराने खालचा शिक्का गंजापासून वाचवलेला असतो.

तुमच्या कुऱ्हाडीकडे येऊ. फोटो न पाहताही यावर मी बरंच ठामपणे बोलू शकतो. तीन रेघांचा तो बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण आहे. बाणाखाली उभी रेघ म्हणजे इंग्रजी ‘आय’, अर्थात इंडिया. हिंदुस्थान सरकारच्या लष्करी सामानावर ही जोडखूण मारत. बाण ‘सी’ अक्षराच्या आत असेल तर माल कॅनडाचा, दोन ‘डी’च्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाचा. असे तुकडेही दुसऱ्या महायुद्धाच्या पसाऱ्यातून इकडे आलेले सापडतात. ‘४३’ हे साल, म्हणजे १९४३. १८४३ म्हणायचं तर तेव्हा इथे ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य होतं आणि कंपनीच्या मालावर तिच्या स्वतःच्या खुणा असत. १७४३ साली ही खूण पुण्यात यायचं काही कारणच नव्हतं. पेशव्यांच्या काळाशी या कुऱ्हाडीचा संबंध नाही, हे काकांना जरा सांभाळून सांगा.

पुण्यात अशी हत्यारं सापडतात यात नवल नाही. खडकीला १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअर पलटणीचं, केंद्र आहे, देहू रोडला लष्करी डेपो आहेत. रस्ते काढणं, झाडं पाडणं, तंबू ठोकणं हे सॅपर्सचं रोजचं काम, त्यामुळे कुऱ्हाडी, कुदळी, घण यांचा साठा मोठा. युद्ध संपल्यावर जास्तीचा माल लिलावात निघाला आणि तिथून तो लाकूडवाल्यांकडे, शेतकऱ्यांकडे, बांधकाम करणाऱ्यांकडे गेला. तुमच्या कुऱ्हाडीवर दोन बाण टोकाला टोक लावून मारलेले दिसतात का ते बघा. ती खूण असेल तर माल रीतसर विकून सरकारी खात्यातून बाहेर पडलेला आहे. मात्र बाण दिसला की ‘ब्रिटिशकालीन’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. स्वातंत्र्यानंतरही आपल्या लष्कराने बाण सोडला नाही, लष्करी गाड्यांच्या नंबरप्लेटवर तो आजही दिसतो. साल असेल तरच वय पक्कं.

सालाशिवायच्या कुऱ्हाडीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण संग्रह करायचा म्हटलं की तोच प्रश्न रोज येणार. लोक शिक्का शोधतात, मी आधी नेढं बघतो, म्हणजे दांडा घालायचं भोक. गावच्या लोहाराने केलेल्या कुऱ्हाडीचं नेढं लोखंडाची पट्टी दुमडून, भट्टीत तापवून, घणाने जोडून केलेलं असतं. आतून बोट फिरवलं की जोडाची रेघ किंवा उंचसखलपणा लागतो, आकार गोल किंवा थेंबासारखा असतो आणि दोन्ही बाजूंच्या भिंती क्वचितच सारख्या जाडीच्या असतात. अशा बऱ्याच कुऱ्हाडींना दांडा कुदळीसारखा वरून उतरवतात. वरचं टोक जाड असतं, त्यामुळे घाव घालताना पातं आणखी घट्ट बसतं आणि पाचर लागत नाही. इंग्लिश-अमेरिकन कारखान्याची कुऱ्हाड याच्या उलट. नेढं लांबट अंडाकृती, आतून स्वच्छ, दांडा खालून घालून वरून पाचर ठोकलेली. इंग्लिश कुऱ्हाडीला नेढ्याच्या खाली-वर दोन्ही बाजूंना छोटे टोकदार कान असतात, ते दांड्याला धरून ठेवतात. तुमच्या लष्करी कुऱ्हाडीचं नेढंही कारखान्याच्या साच्यातलं, दोन्ही अंगांनी सारखं असायला हवं. ते ओबडधोबड असेल तर मला शिक्क्याबद्दलच शंका येईल, कारण बाणाचा नवा पंच बनवून जुन्या पात्यावर मारणं काही अवघड नाही. खरा शिक्का पात्याबरोबर म्हातारा झालेला असतो, त्याच्या कडा गोलावलेल्या आणि तळाशी बाजूसारखाच गंज असतो. आजूबाजूला काळा गंज आणि अक्षराच्या तळाशी मात्र चकाकी, असं दिसलं तर हत्यार खाली ठेवा.

दुसरी गोष्ट धातूची. जुन्या काळी पोलाद महाग होतं, म्हणून अंग साध्या घडीव लोखंडाचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी जोडलेली, असं करत. धारेजवळचा एखादा इंच नीट साफ करून त्यावर लिंबाचा रस दहा-पंधरा मिनिटं ठेवला तर पोलाद गडद होतं, लोखंड फिकं राहतं आणि मधली सांध्याची रेघ दिसते. घडीव लोखंडात लाकडासारख्या लांब रेषाही दिसतात, त्या त्यात अडकलेल्या मळीच्या. कानस लावून बघितलं तरी हेच कळतं. धारेवर ती घसरते, मागे अंगावर धरते. पूर्ण पातं एकाच कडक पोलादाचं निघालं आणि घडण मात्र गावठी असेल, तर ते बहुधा ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून केलेलं. म्हणजे मोटारी गावागावांत पोहोचल्यानंतरचं. हत्यार म्हणून ते झकास असतं, जुनं म्हणून नाही.

आकड्यांनी फसू नका. इंग्लिश कुऱ्हाडीवर नुसता ‘४’ किंवा ‘३½’ दिसला तर ते पौंडांतलं वजन असतं. चार पौंड म्हणजे सुमारे १.८ किलो. काट्यावर ठेवा, थोडी झीज धरली की जमतं. आद्याक्षरांचंही तसंच. ‘जी. आय. पी.’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत विलीन झाली, तेव्हा हा शिक्का त्याआधीचा. पण इंग्लंडात ‘गिल्पिन’ नावाचे नामांकित कुऱ्हाडवाले होते आणि त्यांच्या इंग्रजी नावातलं ‘एल’ आणि शेवटची दोन अक्षरं पुसली की उरलेलं बरोब्बर ‘जी. आय. पी.’सारखं दिसतं. जुन्या बाजारात रेल्वेची म्हणून दाखवलेल्या कुऱ्हाडीवर पुढे आणखी अक्षरांची जागा दिसते का, तेवढं नक्की बघा.

पटाश्यांबद्दल. ‘कास्ट स्टील’ वाचून ती ओतीव म्हणजे हलकी असेल असं तुम्ही लिहिलंय. परिस्थिती उलटी आहे. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवून एकजिनसी करायची पद्धत बसवली. त्या पोलादाच्या लाद्या ओतत आणि नंतर घडवत, म्हणून हे नाव. दीड-पावणेदोन शतकं चांगल्या धारेच्या हत्यारांची ती खात्रीची खूण होती. विजेच्या भट्ट्या आल्यावर, विसाव्या शतकात, ती पद्धत मागे पडली. (मुशीतलं पोलाद आपल्या दक्षिणेत त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होत होतं, पण तो वेगळा विषय आहे आणि मी त्यात शिरलो तर तुमचा रंधा राहून जाईल.) तीन पानांची खूण म्हणजे शॅमरॉक, शेफील्डच्या मार्पल्सचा ट्रेडमार्क. हे नाव खूप वर्षं चाललं, त्यामुळे नुसत्या पानावरून साल निघत नाही. ‘कास्ट स्टील’ सोबत असल्याने ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली किंवा त्याआधीची धरायला हरकत नाही. आणखी एक धागा देतो. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून निर्यातीच्या इंग्लिश हत्यारांवर ‘इंग्लंड’ दिसू लागतं. ‘मेड इन इंग्लंड’ असं पूर्ण लिहिलेलं सहसा त्याहून नंतरचं. तुमच्या पटाशीवर नुसतं ‘शेफील्ड’ आहे, नुसतं ‘इंग्लंड’ आहे की काहीच नाही, ते कळवा.

याच धाग्याने रंध्याचं वय जवळजवळ ठरतं. स्टॅनली ही कंपनी मूळ अमेरिकेची, कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन गावची. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने शेफील्डमधला कारखाना घेतला आणि मगच ‘मेड इन इंग्लंड’ रंधे निघू लागले. म्हणजे तुमचा रंधा त्यानंतरचा, बहुधा स्वातंत्र्याच्या आगेमागे आलेला. अमेरिकन रंधा असता तर पातं काढून, त्याच्या बैठकीमागे ओतलेल्या पेटंटच्या तारखा बघायला सांगितल्या असत्या. तीन तारखा आणि शेवटची १९१० ची, असं दिसलं तर रंधा १९१० च्या आधीचा असूच शकत नाही. लक्षात घ्या, तारीख नेहमी ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगते, लोक मात्र तिला जन्मतारीख समजतात. जुन्या बाजारात ‘स्टॅनली लंडन’ कोरलेली पितळी होकायंत्रं आणि दुर्बिणीही दिसतील. त्या कंपनीचा या रंध्याशी संबंध नाही आणि त्यातला बहुतेक माल शोभेसाठी आपल्याच देशात नव्याने बनवलेला असतो.

वाकसाचं वय मात्र कोणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिचा आकार पिढ्यान्‌पिढ्या बदललेला नाही. लिंबाच्या रसाची परीक्षा करा, नेढं बघा, आणि मागच्या बाजूला ठिपके, चंद्रकोर, चांदणी असं काही पंचाने मारलंय का ते शोधा. ती लोहाराची खूण असते. तुमचे आजोबा मूळचे कुठले, हत्यारं कुठल्या आठवडी बाजारातून घेत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून लिहून ठेवा. माझ्या लेखी तुमच्या पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू ही वाकसच आहे. शेफील्डच्या शिक्क्यांच्या याद्या जगभर झाल्यात. मावळातल्या, भोरकडच्या लोहारांच्या खुणांची यादी माझ्या माहितीत तरी कोणी केलेली नाही.

आता साफसफाई. फोटो झाले, कागदावर ठसे घेतले, मग हत्यार दोन-तीन दिवस रॉकेलमध्ये भिजवा. पितळी तारेचा ब्रश आणि बारीक स्टील वूल, हाताने. लाल भुकटी निघाली आणि खाली घट्ट काळपट-तपकिरी थर राहिला की थांबा. तो थर लोखंडाचं कातडं आहे, तो ठेवायचा. व्हिनेगर किंवा चिंचेचं पाणी फक्त जाड खवले असतील तिथे आणि तेही दर दोन-चार तासांनी बघत. रात्रभर विसरलात तर आम्ल शिक्क्याच्या कडा खातं. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करून तेल लावायचं. बॅटरी चार्जर लावून विजेने गंज काढायची पद्धत चांगली आहे, पण ती मोकळ्या हवेतच करा, कारण हायड्रोजन निघतो, आणि दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

दांडा कुजला असेल तर तो पात्याच्या खाली कापा आणि उरलेला गोळा ड्रिलने पोकळ करून ठोकून काढा. विस्तवात घालून जाळू नका. गावाकडे हे सर्रास करतात आणि चांगल्या कुऱ्हाडीचं पाणी त्यातच जातं. नवा दांडा धावड्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर सरळ रेषेची बाभूळ. साग दिसायला छान, पण झटका सोसत नाही. दांड्याला जवसाचं तेल द्या, मात्र त्याच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा, मगच फेका. कुऱ्हाड वापरायची असेल तर आधी नेढ्याला तडा आहे का बघा. नेढ्याला रॉकेल लावा, मग ते पुसून कोरडं करा, वरून खडूची पूड लावा. तडा असेल तिथे थोड्या वेळाने ओली रेघ उमटते. कुऱ्हाडीच्या पाठीचा घणासारखा वापर झालेला असेल तर हा तडा असण्याची शक्यता जास्त.

पुण्याचा पावसाळा हा वेगळा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर हत्यारं कातडी म्यानात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात आणि उघडी फळी पुरते. स्वयंपाकाचं तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.

पैशांचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. भंगारवाला वजनावर देईल, म्हणजे काहीच नाही. ती कुऱ्हाड आणि रंधा दोन्ही बऱ्यापैकी सर्रास सापडणारे, त्यांना हौशी माणूस बरा भाव देईल, पण वाड्याच्या हिशेबात तो दिसणारही नाही. पटाशीला खरा गिऱ्हाईक हाताने काम करणारा सुतार. पातं किती उरलंय, मागची बाजू सपाट आहे की गंजाने खड्डे पडलेत, यावर तो ठरवेल. परदेशी विकायचं मनात असेल तर थांबा. पुरावशेषांसंबंधीच्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, कारागिरीच्या नमुन्यासारख्या वस्तूही मोडू शकतात आणि त्या खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

संग्रह करायचा तर विषय धरा, नाहीतर दोन वर्षांत घरात जड भंगार होतं आणि बायको किंवा आई योग्यच प्रश्न विचारते. पुण्यातल्या माणसाला दोन विषय सहज जमतील. एक, लष्कर आणि रेल्वेच्या शिक्क्यांची हत्यारं. दुसरा, इथल्या कारागिरांची: तांबट आळीतले हातोडे, सुतारांच्या वाकसी आणि किकरी, सामते, खतकस अशी त्यांची इतर हत्यारं. मी दुसरा घेईन. केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते बघा, रोजच्या वापरातल्या वस्तूंकडे संग्राहकाने कसं बघायचं ते कळतं. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. ‘इंग्रजांच्या काळातलं आहे’ हे वाक्य ऐकून सोडून द्या आणि ‘कुठल्या घरातून आलं’ एवढं विचारा. एखादा विक्रेता पेठेचं, क्वचित घराण्याचंही नाव सांगतो, ते चिठ्ठीवर लिहून हत्याराला बांधा. रेल्वेचा ताजा शिक्का असलेला माल मात्र घेऊ नका. चोरीचा निघाला तर १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्यात जवळ बाळगणाराही सापडतो. आणि घेतलेली कुऱ्हाड पोत्यात गुंडाळून घरी न्या. लाकूड तोडायचं हत्यार शेतीचं-कामाचं म्हणून धरलं जातं, पण कोयत्याच्या बातम्यांनी वैतागलेल्या हवालदाराला भर चौकात हे समजावत बसायची वेळ येऊ देऊ नका.

पुढचं नेमकं सांगायला मला हे लागेल: कुऱ्हाडीच्या नेढ्याचा वरून आणि खालून फोटो, बाणाच्या शिक्क्याचा तिरप्या उजेडातला जवळून फोटो, दांड्याशिवाय वजन, मार्पल्सच्या पटाशीवरची सगळी अक्षरं, रंध्याचं पातं बाहेर काढून त्यावरचा शिक्का, आणि वाकसाच्या दोन्ही बाजू. उरलेल्या दोन पटाश्यांची मूठ काढायचा प्रयत्न करू नका, पात्यावर मानेजवळ बघा, नाव बहुतेक तिथेच असतं.